जुनी बोट: मालवणची घ्यावी की धरणातली?

कोल्हापुरात बसून जुनी बोट शोधायला लागलं की वाटा दोनच निघतात. एक घाट उतरून मालवण, देवबाग, रत्नागिरी नाहीतर गोव्याकडे. दुसरी धरणांकडे, म्हणजे तापोळा-बामणोलीचा शिवसागर (कोयनेचा जलाशय) किंवा पुण्याच्या बाजूची धरणं. किनाऱ्यावर माल भरपूर आणि भाव पडता. धरणावरच्या बोटी मोजक्या, आणि त्यांचा मालक ‘गोड्या पाण्यातली आहे’ हे एक वाक्य टाकून आकडा फुगवतो. त्या वाक्याला किती पैसे मोजायचे, एवढंच ठरवायचं आहे.

माझं मत आधी सांगून टाकतो. फायबरचा सांगाडा समुद्रावरचा चालतो, बऱ्याचदा तोच बरा निघतो. इंजिन मात्र समुद्रावरचं नको. घेणं भागच असेल तर त्याची किंमत शून्य धरून सौदा करा. मीठ धातूला खातं, गोडं पाणी लाकडाला. त्यामुळे बोट अख्खी तोलण्यापेक्षा तुकड्यातुकड्यानं तोललेली बरी.

सांगाडा

फायबरला मिठाचं विशेष काही वाटत नाही. उलट तळाला फोड येण्याचा आजार गोड्या पाण्यात जास्त. गोडं पाणी वरच्या चकचकीत थरातून, म्हणजे जेलकोटमधून, हळूहळू झिरपतं, आतल्या राळेतले (रेझिनमधले) विरघळणारे अंश त्यात मिसळतात आणि तो दाट द्रव बाहेरचं आणखी पाणी ओढून घेतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार आधीच असल्यामुळे तिथं ही ओढ कमी पडते. वर्षानुवर्षं धरणातच बांधून ठेवलेल्या बोटीचा तळ म्हणूनच आडवं होऊन पाहा. नाण्याएवढा फुगवटा दिसला आणि तो टोचल्यावर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर दुखणं वरवरचं नाही.

मागच्या फळीचंही तसंच. इंजिन जिथं टांगतात तिथं फायबरच्या आत बहुतेक वेळा प्लायवूड असतं. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला खारं पाणी मानवत नाही, पावसाचं साठलेलं पाणी मात्र झकास मानवतं. किनाऱ्यावर पावसाळ्याआधी बोटी वर ओढून झाकून ठेवायची रीत आहे. धरणाकाठी कित्येक बोटी चार महिने उघड्यावर भिजत पडतात. तपासायची पद्धत सोपी आहे. इंजिन अर्धं वर उचला, खालचं टोक धरून वर-खाली दाबा आणि नजर फळीवर ठेवा. फळी हलली किंवा बोल्टभोवती पाणी पाझरलं की समजायचं. मग हातोडीच्या दांड्यानं फळीभर ठोकत जा. टणक ‘टक टक’ यायला हवी. मध्येच ‘धप’ असा बसका आवाज आला तर तिथलं लाकूड गेलं.

समुद्रावरच्या सांगाड्याचे दोष वेगळे असतात, पण ते डोळ्यांना दिसतात. रोज वाळूवर चढवलेल्या बोटीचा कणा पुढच्या बाजूला झिजून फायबरचे धागे उघडे पडलेले असतात. लाटांवर आपटून तळाच्या आतले आधार सुटतात. बोटीत उड्या मारल्या की तळ लवतो. कणा भरून घेता येतो, सुटलेले आधार मात्र खर्चिक. धरणातल्या बोटीला उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर खडक आणि बुडालेल्या झाडांचे बुंधे लागलेले असतात, तेव्हा तिच्या तळालाही सूट नाही.

बोट अॅल्युमिनियमची आणि समुद्रावरची असेल तर पुढचं काही बघू नका, गाडी वळवा.

इंजिन

खरा घोळ इथं आहे. आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागं टांगलेलं इंजिन थंड राहतं ते बाहेरचं पाणी आत खेचून. समुद्रावर ते पाणी खारंच. प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याची नळी लावून दहा-पंधरा मिनिटं इंजिन धुतलं, तेही थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट मोकळी करणारी झडप) उघडेपर्यंत तापवून, तर मीठ बऱ्यापैकी निघून जातं. पण मोसमात दिवसभर पर्यटक फिरवणाऱ्याला संध्याकाळी तेवढी उसंत असतेच असं नाही. न धुतलेलं मीठ पाण्याच्या वाटांत थर धरतं, झडलेल्या अॅल्युमिनियमच्या पांढऱ्या भुकटीशी मिळून घट्ट होतं आणि वाट अरुंद करत जातं. इंजिन सावकाश चालवलं तर त्याची चाहूलही लागत नाही. पूर्ण ताकदीनं पाच मिनिटं पळवलं की तापतं.

विकणारा काय करतो? इंजिन वरून धुऊन, पुसून, तेलाचा फवारा मारून चकाचक करून ठेवतो. वरून कीर्तन, आतून तमाशा. म्हणून झाकण काढल्यावर चकाकीकडे पाहू नका, थर्मोस्टॅटच्या झाकणाचे बोल्ट पाहा. स्टीलचा बोल्ट अॅल्युमिनियममध्ये बसतो, मधे मीठ शिरतं आणि दोन्ही एकजीव होतात. बोल्टच्या डोक्याभोवती रंग फुगलाय आणि खाली पांढरं पीठ आहे, तर तो पाना लावल्यावर फिरणार नाही, तुटणार. मालकाला सरळ म्हणा, ‘हे झाकण माझ्यासमोर उघडा.’ उघडलं आणि आत स्वच्छ निघालं, तर माणसानं इंजिन सांभाळलंय. मालक टाळाटाळ करायला लागला, तर तेही उत्तरच आहे.

बाकीची तपासणी दोन्हीकडे सारखीच. इंजिन गार असतानाच सुरू करायला लावा. तुम्ही पोचण्याआधी तापवून ठेवलं असेल तर गार होईस्तोवर चहा घ्या. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजा, आपसात दहा टक्क्यांहून जास्त फरक नको. खालच्या गिअरचं ऑइल थोडं काढून पाहा. दुधाळ असेल तर सील गेलंय. इंजिनाबाहेर पडणारी पाण्याची धार जोरकस हवी. पाणी खेचणारा रबरी इम्पेलर मात्र न बघताच बदलून टाका, तो स्वस्त असतो.

धरणातल्या इंजिनाला मीठ लागलेलं नसतं, पण ते बंद पडून राहिलेलं असतं. टाकीत जुनं पेट्रोल, त्यात आता इथेनॉल. ते पाणी शोषतं, आणि प्रमाणाबाहेर शोषलं की पाणी-इथेनॉलचा थर तळाला वेगळा होतो. कार्ब्युरेटर चिकटतो. हे साफ करता येतं, आपल्या कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या कारखान्यांना त्यात नवल नाही. शाफ्ट, बुश, आर्गन वेल्डिंग, इथं सगळं होतं. पण मिठानं आतून पोखरलेला इंजिनाचा ब्लॉक उद्यमनगरालाही पूर्ववत करता येत नाही. म्हणून दोषी इंजिनांतून निवडायची वेळ आली तर मी धरणातलं घेईन.

एक गोष्ट हमखास राहून जाते. इंजिनाच्या खालच्या भागाला एक बळीचा बकरा लावलेला असतो, धातूचा तुकडा, जो स्वतः झिजून इंजिनाला वाचवतो. समुद्रावर तो बहुधा झिंकचा असतो. गोड्या पाण्यात झिंकवर पापुद्रा धरतो आणि तो कामाचा राहत नाही. खारी बोट पंचगंगेत आणणार असाल तर तो काढून मॅग्नेशियमचा बसवा. बोट कधीमधी परत खाडीत जाणार असेल तर अॅल्युमिनियमचा. त्यावर रंग मारायचा नाही, मारला की तो मेला. खरेदीच्या वेळी याच तुकड्यावरून अंदाजही येतो: अर्धा झिजलेला असेल तर तो काम करतोय आणि वेळेवर बदलला जातोय, पार संपलेला असेल तर त्याच्यानंतर मीठ इंजिनाकडेच वळलेलं असणार.

वायरिंगबद्दल फार विचार नको. समुद्रावरच्या बोटीची वायर कुठंही सोलून पाहा, तांबं काळं-हिरवं निघालं तर सगळी नवी टाकायची, हा खर्च आधीच धरा.

आपलं पाणी

मालवणात बोट पळवून पाहिली आणि खूश झालात, तरी इथं ती तशीच पळणार नाही. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. हवा विरळ, त्यामुळे इंजिनाची ताकद पाचेक टक्क्यांनी उतरते. त्यात गोडं पाणी हलकं. हजार किलो वजनाची भरलेली बोट इथं समुद्राच्या मानानं पंचवीसेक लिटर जास्त पाणी सारते, म्हणजे थोडी खोल बसते. पंखा कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात कमी अंतर कापणारा, लागू शकतो. शिवाय पंचगंगेत जलपर्णी, जी इंजिन पाणी खेचतं त्या जाळीला आणि पंख्याला वेढते, आणि ठिकठिकाणी कोल्हापुरी बंधारे. बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असले की वाट बंद, म्हणून दोन बंधाऱ्यांमधलं पाणी किती लांब आहे ते आधी पाहा.

बोट कशासाठी हवी, यावर बरंच ठरतं. शिरोळ, चिखली, आंबेवाडीकडं गावकऱ्यांनी किंवा मंडळानं पुरासाठी बोट ठेवायची म्हटलं, तर समुद्रावरचं इंजिन अजिबात नको. ते अकरा महिने उभं राहणार, आणि आत राहिलेलं मीठ हवेतली ओल खेचत आपलं काम चालूच ठेवणार. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ च्या धोका पातळीकडं निघालंय आणि दोरी ओढून ओढून गडी दमलेत, इंजिन काही घेत नाही, ही वेळ कोणावर यायला नको. २०१९ आणि २०२१ पाहिलेल्या गावांना हे वेगळं सांगायला नको. पुराला मालवणचा सांगाडाही जड पडतो. ऊस, तारा, कुंपणं यांतून जायला हलकी बोट बरी. रोज पर्यटकांना फिरवायची असेल, तर मात्र मालवणचा सांगाडा आणि वेगळं घेतलेलं इंजिन हा हिशोब बसतो.

समजा किनाऱ्यावरची बोट इंजिनासकट चार लाखांना सांगतात आणि धरणातली साडेपाचला. चारमधून तुमच्या मते इंजिन किती धरलंय ते वजा करा, नव्या-जुन्या चांगल्या इंजिनाची किंमत मिळवा, वायरिंग आणि ट्रॉली मिळवा. साडेपाचच्या जवळ आलात तर धरणातली घ्या, पण मागची फळी ठोकूनच.

कागदांत विकणाऱ्याचं नाव, सांगाड्यावरचा नोंदणी क्रमांक आणि इंजिनाचा नंबर तिन्ही जुळायला हवेत. कर्जाचा बोजा नाही याची खात्री करा. समुद्रावरच्या नोंदणीवर नदीत किंवा जलाशयात धंदा करता येईल असं समजू नका. इथं अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ लागतो, आणि धरण असेल तर जलसंपदा खात्याची परवानगी वेगळी. राधानगरीच्या बाजूला अभयारण्य आहे, तिथं वनखात्याशी बोलल्याशिवाय पैसे गुंतवू नका.

आणि बोट समुद्राच्या ट्रॉलीवरून घाट चढवू नका. खाऱ्या पाण्यात बुडवून बुडवून तिच्या चाकांची बेअरिंग आणि पाटे आतून गंजलेले असतात, ते फोंडा किंवा करूळ घाटाच्या मध्यावर कळतं. ट्रक करा, बोट वर घाला, ट्रॉली भंगाराच्या भावात धरा.