लंडनलाच पाहावं की ब्रॉडवेवर येईपर्यंत थांबावं?

लंडनच्या वेस्ट एंडमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या व्यावसायिक नाट्यगृहांच्या भागात, एखादं म्युझिकल गाजतंय, तुमचं तिकडे जाणं जमण्यासारखं आहे, पण ‘पुढे न्यूयॉर्कला येणारच आहे, तेव्हा भावाकडे गेलो की बघू’ असा विचार करून तुम्ही ते पुढे ढकलताय? ढकलू नका. उलट दिशेची वाट पाहणं मात्र बऱ्याचदा परवडतं. ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक रंगभूमीवर, पाय रोवलेलं म्युझिकल लंडनला येतं आणि आलं की सहसा टिकतंही. दोन्हींच्या मागे कारणं तीच: नाट्यगृह रिकामं आहे का, आणि आठवड्याचा खर्च निघतो का. खेळ किती चांगला आहे, हा प्रश्न त्यानंतर येतो.

आपल्याकडे नाटक तारखांवर चालतं. शनिवारी माटुंग्याचं यशवंत, रविवारी दुपारी ठाण्याचं गडकरी, पुढच्या आठवड्यात पुण्याचं बालगंधर्व, नेपथ्य टेम्पोत. तिकडे नाटक एका नाट्यगृहात मुक्काम ठोकतं. आठवड्याला आठ प्रयोग, चालेल तोवर. रंगमंचाची जमीन उखडून त्यात सरकते पट्टे बसवतात, छताला काही टन वजन टांगतात. त्यामुळे नवं नाटक आत यायचं तर जुनं बाहेर पडावं लागतं. ब्रॉडवे म्हणून धरली जाणारी नाट्यगृहं 41 आहेत. त्यांतली 26 शुबर्ट आणि नेदरलँडर या दोनच मालकांकडे आहेत, आणि मोठ्यांपैकी बरीच वर्षानुवर्षं अडलेली आहेत. गर्शविनमध्ये 2003 पासून ‘विकेड’, मिन्स्कॉफमध्ये 2006 पासून ‘द लायन किंग’, युजिन ओ’नीलमध्ये 2011 पासून ‘द बुक ऑफ मॉर्मन’, रिचर्ड रॉजर्समध्ये 2015 पासून ‘हॅमिल्टन’. उरलेल्या जागांसाठी अमेरिकेतलीच नाटकं रांगेत उभी असतात. लंडनच्या पाहुण्याचा नंबर त्या रांगेत लागतो.

आत शिरल्यावरही जागा पक्की नसते. ब्रॉडवेच्या भाडेकरारात एक कलम असतं: ठरलेल्या आकड्याखाली गल्ला सलग दोन आठवडे गेला, तर मालक नाटकाला जागा सोडायला सांगू शकतो. दारात दुसरं नाटक उभं असेल तर सांगतोही.

खर्चाचा फरक तर डोळ्यांत भरणारा. तेच म्युझिकल न्यूयॉर्कला उभं करायला लंडनच्या दुप्पट-तिप्पट पैसे लागतात, कारण कामगार संघटनांचे दर, जाहिरात आणि भाडं सगळंच चढं. ‘बॅक टू द फ्युचर’ ब्रॉडवेवर उभं करायला सुमारे 2 कोटी 35 लाख डॉलर लागले. उडणारी गाडी, ओळखीचं नाव, लंडनचा 2022 चा ऑलिव्हिए पुरस्कार, सगळं पदरात होतं. ऑगस्ट 2023 मध्ये उघडलेला खेळ 5 जानेवारी 2025 ला उतरला. लंडनच्या अडेल्फीमध्ये तो त्यानंतरही चालू होता. ब्रिटनमध्ये पात्र निर्मितीखर्चावर करसवलत मिळते. एप्रिल 2025 पासून तिचा दर कायमचा 40 टक्के झाला, फिरत्या नाटकांना 45. न्यूयॉर्क शहरातही सवलत आहे, 25 टक्के, पण एका नाटकाला जास्तीत जास्त 30 लाख डॉलर.

लंडनहून न्यूयॉर्क

गेलेल्यांची यादी भारदस्त आहे. ‘कॅट्स’ 1981 मध्ये लंडनला, 1982 मध्ये ब्रॉडवेवर. ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ 1986 आणि 1988. ब्रॉडवेवर 16 एप्रिल 2023 ला उतरेपर्यंत 13,981 प्रयोग. लोकांच्या डोक्यात हीच उदाहरणं बसलेली असतात आणि अपेक्षा तिथूनच सुरू होते. अलीकडचा हिशेब मात्र वेगळा आहे. ‘मटिल्डा’ लंडनच्या केंब्रिज थिएटरमध्ये 2011 पासून आहे. ब्रॉडवेवर ती 2013 मध्ये गेली आणि जानेवारी 2017 मध्ये परतली. जो ब्रॉडवेसाठी थांबला त्याला पावणेचार वर्षांची खिडकी मिळाली. लंडनची खिडकी अजून बंद झालेली नाही.

फसतं कुठे? पहिलं कारण आकारमान. ‘टॅमी फे’ 2022 मध्ये लंडनच्या अल्मेडात झालं. ते सुमारे सव्वातीनशे आसनांचं नाट्यगृह, नटाच्या कपाळावरचा घाम दिसावा इतकं जवळ. न्यूयॉर्कला त्याला पॅलेस मिळालं, सोळाशेच्या वर आसनांचं. (तळाशी दुकानं काढता यावीत म्हणून हे अख्खं नाट्यगृह 30 फूट वर उचललं होतं. न्यूयॉर्कमध्ये जागेची किंमत काय, ते यावरून कळावं.) एल्टन जॉनचं संगीत असूनही 14 नोव्हेंबर 2024 ला उघडलेला खेळ 8 डिसेंबरला बंद झाला: 29 प्रयोग. याच्या उलट ‘ऑपरेशन मिन्समीट’. पाच नटांचा हा खेळ 80 आसनांच्या न्यू डायोरामात 2019 मध्ये सुरू झाला, हळूहळू मोठ्या जागांतून वेस्ट एंडच्या 432 आसनांच्या फॉर्च्यूनमध्ये पोचला, आणि मार्च 2025 मध्ये ब्रॉडवेवर जाताना त्याने आठशेच्या आसपास आसनांचं गोल्डन निवडलं. कोणतं नाट्यगृह मिळालं हे कळलं की निम्मं भविष्य कळतं.

दुसरं कारण गोष्टीचं गाव. ‘बॉम्बे ड्रीम्स’ आठवत असेल. आपल्या मुंबईची गोष्ट, ए. आर. रहमान यांचं संगीत. 2002 ते 2004 अशी दोन वर्षं लंडनच्या अपोलो व्हिक्टोरियात ते चाललं. हिंदी सिनेमा ओळखीचा असलेला मोठा प्रेक्षक त्या शहरात होता. ब्रॉडवेसाठी संहितेवर नव्याने हात फिरवला, एप्रिल 2004 मध्ये उघडलं, आणि 1 जानेवारी 2005 ला 284 प्रयोगांवर थांबलं. साउथहॉलच्या पंजाबी मुलीचं ‘बेंड इट लाइक बेकहम’ 2015 मध्ये फिनिक्समध्ये आलं, मार्च 2016 मध्ये उतरलं. ब्रॉडवे त्याने पाहिलाच नाही. शेफील्डच्या वसाहतीवरचं ‘स्टँडिंग ॲट द स्कायज एज’ ऑलिव्हिए घेऊन 2024 मध्ये वेस्ट एंडला आलं आणि तिथेच मुक्काम संपला. लंडनच्या लोकांना जे न सांगता कळतं ते न्यूयॉर्कला समजावून सांगावं लागत असेल, तर निर्माते कचरतात.

पुरस्कारावर विसंबणाऱ्यांसाठी एक उदाहरण पुरे. ‘द क्युरियस केस ऑफ बेंजामिन बटन’ला एप्रिल 2025 मध्ये सर्वोत्तम नव्या म्युझिकलचा ऑलिव्हिए मिळाला आणि त्याच महिन्यात ॲम्बॅसडर्समधला त्याचा मुक्काम संपला. न्यूयॉर्कच्या आशेवर थांबलेल्याच्या हाती काहीच लागलं नाही.

अपवादही आहेत, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ‘अँड ज्युलिएट’ लंडनला मार्च 2023 मध्ये बंद झालं. नोव्हेंबर 2022 मध्ये उघडलेला ब्रॉडवेचा खेळ त्यानंतर वर्षानुवर्षं टिकला. गाणी मुळातच अमेरिकन रेडिओवर वाजलेली, त्यामुळे ओळख करून द्यावी लागली नाही. ‘सिक्स’ दोन्हीकडे टिकलं: सहा राण्या, मंचावरच चार वादक, 80 मिनिटं, मध्यंतर नाही. आठवड्याचा खर्च कमी असेल तर पडत्या काळातही तग धरता येतो.

न्यूयॉर्कहून लंडन

इथे वाट पाहण्याचं माप आधी ठरवा. मोठ्या यशाला साधारण दोन-तीन वर्षं लागतात. ‘द लायन किंग’ 1997 मध्ये तिकडे, 1999 मध्ये लंडनच्या लायसियममध्ये. ‘विकेड’ 2003 आणि 2006. ‘मॉर्मन’ 2011 आणि 2013. ‘हॅमिल्टन’ ऑगस्ट 2015 आणि डिसेंबर 2017. चारही लंडनला घट्ट बसली. मधल्या आकाराच्या, गंभीर विषयाच्या खेळांना जास्त वेळ लागतो. ‘हॅडेसटाउन’ ब्रॉडवेवर 2019 मध्ये आलं, वेस्ट एंडला 2024 मध्ये. (त्याआधी 2018 मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्येच त्याची घडी बसवली होती. पुढे टोनी, म्हणजे ब्रॉडवेचा सर्वोच्च पुरस्कार, मिळवणारा खेळ तेव्हाच्या प्रेक्षकांनी आधीच पाहून घेतला.) ‘नेक्स्ट टू नॉर्मल’ला 2009 ते 2023 अशी चौदा वर्षं लागली, आणि सुरुवात झाली ती छोट्या डॉनमार वेअरहाऊसमध्ये. ब्रॉडवेवर वर्षभरात बंद पडलेले खेळ मात्र लंडनला सहसा येत नाहीत. त्यांच्यासाठी थांबू नका.

गमावता काय? मूळ नटसंच. लंडनला बहुधा ब्रिटिश नट असतात. उलट दिशेलाही संघटनेचे नियम आणि व्हिसा आड येतात, म्हणून मोठं नाव किंवा अदलाबदलीची परवानगी असेल तरच नट सोबत जातो. ‘सनसेट बुलेव्हार्ड’मध्ये निकोल शर्झिंगर लंडनहून ब्रॉडवेला गेली आणि टोनीही घेऊन आली. पण तो ठरावीक मुदतीचा खेळ होता, जुलै 2025 मध्ये संपला.

कान तयार असलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. ब्रॉडवेवर प्रत्येक नाट्यगृहासाठी वादकांची किमान संख्या संघटनेने ठरवून घेतलेली असते. सगळ्यात मोठ्या जागांत ती 18-19 आहे. लंडनला असं बंधन नाही. ‘फँटम’ 2021 मध्ये लंडनला पुन्हा उघडलं तेव्हा 27 वादकांचा वृंद 14 वर आला. साथीला किती वादक आहेत यावर अख्खं पद उठतं किंवा पडतं, हे संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला वेगळं सांगायला नको.

बातमी कशी वाचायची

‘ब्रॉडवेचा विचार चालू आहे’ ही बातमी धरू नका. ‘पुढच्या हंगामात येणार’ हीसुद्धा अर्धीच. नाट्यगृहाचं नाव, पहिल्या प्रयोगाची तारीख आणि तिकीटविक्रीचा दिवस, तिन्ही आले की विमानाचं तिकीट काढा. टोनीच्या पात्रतेची मुदत एप्रिलच्या शेवटाला संपते, म्हणून बरेच खेळ मार्च-एप्रिलमध्ये उघडतात. डिसेंबरपर्यंत नाट्यगृह जाहीर झालं नसेल तर तो हंगाम सुटला असं समजा.

बंद होण्याचे दोन मोसम असतात: नाताळची गर्दी ओसरल्यावर जानेवारीचा पहिला पंधरवडा, आणि जूनमध्ये टोनी हुकल्यानंतर. नाट्यगृहमालक आणि निर्मात्यांची संघटना ब्रॉडवे लीग प्रत्येक नाटकाचा आठवड्याचा गल्ला जाहीर करते. मोठं म्युझिकल सलग काही आठवडे घसरत असेल तर फार पुढची तारीख घेऊ नका. लंडनला असे आकडे मिळत नाहीत. तिथे ‘बुकिंग सप्टेंबरपर्यंत’ याचा अर्थ सप्टेंबरला बंद असा नसतो, तिकिटांचा तेवढाच गठ्ठा विक्रीला काढलेला असतो. ‘शेवटची मुदतवाढ’ असं लिहिलं असेल तर मात्र खरंच शेवटची.

तिकीट, खुर्ची, झोप

2024-25 च्या हंगामात ब्रॉडवेवर 1 कोटी 47 लाख तिकिटं आणि 189 कोटी डॉलरचा गल्ला, म्हणजे सरासरी तिकीट 129 डॉलरच्या आसपास. चौघांच्या कुटुंबाने गुणाकार करून पाहावा. लंडनला वरच्या मजल्यावर बऱ्याच खेळांना 25-35 पौंडांत जागा मिळते. मात्र यांतली बरीच नाट्यगृहं शंभर वर्षांहून जुनी आहेत: पायऱ्या उभ्या, गुडघ्यांना जागा कमी, लिफ्ट अनेक ठिकाणी नाही, आणि स्वस्त जागेपुढे खांब असू शकतो. ‘दृश्य अडलेलं’ अशी सूचना वाचूनच पैसे भरा. ज्येष्ठांना नेत असाल तर तळमजल्याची मागची रांग घ्या, पण वरचा सज्जा डोक्यावर येऊन नेपथ्याचा माथा कापला जात नाही ना, ते पाहून. न्यूयॉर्कला नाट्यगृहाच्या खिडकीवर जाऊन तिकीट काढलं की ऑनलाइनचा वरखर्च वाचतो. टाइम्स स्क्वेअरच्या टीकेटीएस खिडकीवर त्याच दिवसाची तिकिटं 20 ते 50 टक्के सवलतीत मिळतात. लंडनची तशीच खिडकी लेस्टर स्क्वेअरमध्ये आहे. माहितीपुस्तिका न्यूयॉर्कला फुकट, लंडनला विकत.

भारतातून जाणाऱ्यांनी पहिल्या रात्रीचा प्रयोग घेऊ नये. उन्हाळ्यात लंडनला साडेसातला पडदा उघडतो तेव्हा आपल्याकडे मध्यरात्रीचे बारा वाजलेले असतात. न्यूयॉर्कला सातला उघडतो तेव्हा पहाटेचे साडेचार. लंडनचा पहिला अंक निभावतो. न्यूयॉर्कला महागडी झोप होते. तिथे बुधवार, शनिवार किंवा रविवार दुपारचा खेळ घ्या. लंडनला रविवारी बरीच नाट्यगृहं बंद असतात, न्यूयॉर्कला सोमवारी.

मुंबईतच येईल का, हाही प्रश्न हल्ली विचारतात. नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरमध्ये मे 2023 मध्ये ‘द साउंड ऑफ म्युझिक’ आणि मार्च 2025 मध्ये ‘फँटम’ येऊन गेलं. येतात ती दशकानुदशकं मुरलेली नावं, फिरत्या संचात. नोव्हेंबर 2025 मध्ये लंडनच्या सॅव्हॉयमध्ये उघडलेलं ‘पॅडिंग्टन’ मुलांना दाखवायचं मनात असेल, तर बांद्रा-कुर्ला संकुलाची आशा धरण्यापेक्षा ब्रिटनच्या व्हिसाचा अर्ज भरणं जवळचं.