पंचेचाळीस हजार, तेही परत मिळणारे

आठ वर्षं मी कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास घेतले तितक्याच मानधनावर शिकवतेय. ज्यांना हे माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. प्राध्यापकपदासाठीची नेट परीक्षा झालीय, पीएचडी झालीय, आणि मानधन महिनोन्‌महिने अडकलेलं. त्यामुळे मुंबईतल्या एका मोठ्या संशोधन विद्यापीठाच्या नावाने 'सहायक प्राध्यापकपदासाठी आपली प्राथमिक निवड' असा मेल आला, तेव्हा डोंबिवली लोकलमध्ये उभ्या उभ्या मी तो चारदा वाचला.

लिहिणाऱ्याला आपलं क्षेत्र पक्कं ठाऊक होतं. वेतनश्रेणी लेव्हल 10, मूळ वेतन 57,700, यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) 2018चे नियम, सगळं बरोबर. घरात कुणी पदवीधर असेल तर लिपिकाच्याही जागा आहेत, असंही वर लिहिलेलं. (भावाचा बायोडेटा मीच पाठवला. त्याने अजून ते बोलून दाखवलेलं नाही, पण दाखवेल.)

आधी कागदपत्र पडताळणीचे 2,360 मागितले. म्हणजे 2,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी. जीएसटी लावलाय म्हणून मला ते खरं वाटलं! मग फोनवर मुलाखत, जेमतेम बारा मिनिटांची. विषयावर एकच प्रश्न, तोही माझ्या प्रबंधाच्या शीर्षकाबद्दल. खऱ्या मुलाखतीत समोर विषयतज्ज्ञ असतात, कुलगुरू किंवा त्यांचे प्रतिनिधी असतात, घाम फुटतो. मी अशा तीन दिल्यात, तरी शंका आली नाही.

चौथ्या दिवशी नियुक्तिपत्र आलं आणि सोबत 45,000 अनामत भरायची सूचना. पहिल्या पगारात परत.

इथे मी का फसले ते सांगते, कारण लोक 'एवढी शिकलेली बाई' म्हणतात. आमच्या क्षेत्रात कायमस्वरूपी नोकरीसाठी द्यायच्या पैशांचा भाव लाखांत ऐकू येतो. खरं-खोटं देव जाणे, पण स्टाफरूममध्ये आठ वर्षं तेच ऐकत आले. त्या मानाने पंचेचाळीस हजार, तेही पावतीसह आणि परत मिळणारे, म्हणजे मला सचोटीच वाटली. वशिला नाही, पाकीट नाही, गुणांवर झालं असं मी आईला सांगितलं.

रुजू व्हायच्या दिवशी आस्थापना विभागातल्या बाईंनी पत्र हातात घेतलं, वाचलंही नाही. "आज तुम्ही तिसऱ्या," म्हणाल्या आणि खुर्ची पुढे सरकवली. मग त्यांनीच दाखवलं: पत्रात जागा कुठल्या प्रवर्गातली ते नाही, जाहिरात क्रमांक नाही. मेलच्या पत्त्यात 'एसी' आणि 'इन' यांच्यामध्ये टिंबाऐवजी आडवी रेघ आणि शेवटी भलतंच काही. टिंब-एसी-टिंब-इनने संपणारा पत्ता फक्त शैक्षणिक संस्थांना मिळतो, आणि शेवट तोच असावा लागतो. मुळात मी अर्जच केला नव्हता. जाहिरात नाही, अर्ज नाही, छाननी नाही आणि निवड मात्र झाली!

सायबर फसवणुकीसाठीच्या 1930 या हेल्पलाइनला मी तिसऱ्या दिवशी फोन केला, लाजेपायी. तोवर पैसे दोन खाती पुढे गेले होते. तासाभरात केला असता तर कदाचित अडवता आले असते, असं पोलीस ठाण्यातल्या हवालदारांनी सांगितलं. त्यांनी आणखी एक विचारलं: यूपीआयने पाठवताना समोरच्याचं नाव दिसतं, ते काय दिसलं होतं?

विद्यापीठाचं नव्हतं. कुणा एका माणसाचं नाव होतं. मी ते वाचलं होतं.