नव्या आमदारांचे जनसंपर्क कार्यालय: पहिल्या वर्षाचा अनुभव

नोव्हेंबर 2024 च्या विधानसभा निवडणुकीत आमच्या मराठवाड्यातील मतदारसंघातून प्रथमच विधानसभेवर जाणारा उमेदवार निवडून आला आणि निकालानंतर थोड्याच काळात तालुक्याच्या गावी बसस्थानकाजवळ त्यांचे जनसंपर्क कार्यालय सुरू झाले. पहिल्या वर्षात मी आणि माझ्या गावातील अनेकांनी या कार्यालयाची मदत घेतली आहे. आमदारांचे व मतदारसंघाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण हे लेखन कोणाच्या प्रचाराला किंवा अपप्रचाराला वापरले जाऊ नये. नागरिकांसाठीची एक सेवा म्हणून हे कार्यालय कसे चालते, एवढेच येथे मांडायचे आहे.

या कार्यालयातील सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे दाराशी टेबलावर ठेवलेली जाड नोंदवही. आलेल्या माणसाचे नाव, गाव, मोबाइल क्रमांक, कामाचे स्वरूप, अर्ज कोणत्या कार्यालयाकडे पाठवला आणि पुढे काय झाले, असे रकाने तिच्यात हाताने आखलेले आहेत, आणि शेवटचा रकाना भरेपर्यंत ते काम प्रलंबितच धरले जाते. अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का मारून, नोंद क्रमांक घालून ती आपल्याला परत देतात. पूर्वी आमच्याकडे आमदारांना भेटायचे म्हणजे आधी एखाद्या कार्यकर्त्याला गाठायचे, सकाळी बंगल्यासमोर ताटकळायचे आणि लेटरहेडवरचे शिफारसपत्र घेऊन परतायचे, अशी रीत होती. ते पत्र तहसीलच्या आवक टपालात जमा झाल्यावर त्याचे काय होते, हे ना पत्र देणाऱ्याला ठाऊक असे, ना घेणाऱ्याला. आज माणूस कोणत्या पक्षाचा, कोणाच्या गटाचा, हे न विचारता नोंद होते. आमच्या तालुक्याचे राजकारण ज्यांना माहीत आहे, त्यांना हा बदल किती मोठा आहे हे वेगळे सांगायला नको.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या लाभार्थ्यांच्या बाबतीत या पद्धतीचा उपयोग मी जवळून पाहिला. महिन्याला 1,500 रुपयांचे हे अनुदान डीबीटीद्वारे (थेट लाभ हस्तांतरण) आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होऊ लागल्यावर आमच्या भागातील अनेक वृद्ध व विधवा स्त्रियांचे पैसे अचानक थांबले. तहसीलमध्ये त्यांना बँकेत जायला सांगत आणि बँकेत तहसीलमध्ये. आमच्या गल्लीतील एक आजी कापडी पिशवीत पासबुक, आधार कार्ड आणि हयातीचा दाखला घेऊन कार्यालयात आल्या, तेव्हा टेबलावरच्या तरुणाने त्यांना आधी खुर्ची दिली, सर्व कागद एकेक करून पाहिले आणि सांगितले, ‘‘आजी, तुमचं नाव यादीतून कमी झालेलं नाही. आधार दुसऱ्याच बँकेच्या जुन्या खात्याला जोडलेलं आहे, पैसे तिकडे जात असतील.’’ त्याने त्या जुन्या खात्याची बँक शाखा शोधून दिली, सोबत एक माणूस पाठवला आणि नोंदवहीत तशी नोंद केली. थकलेली रक्कम त्याच खात्यात सापडली. या कामात आमदारांच्या वजनाचा काडीचाही संबंध नव्हता. कोणीतरी शांतपणे कागद वाचण्याची गरज होती, आणि तेच काम येथे नीट होते.

माझ्या मते या कार्यालयाचे खरे वेगळेपण ते कायद्याचा आधार घेते यात आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 नुसार अधिसूचित, म्हणजे शासनाने या कायद्याखाली जाहीर केलेली, सेवा ठरलेल्या मुदतीत मिळाली नाही, तर अर्जदाराला 30 दिवसांच्या आत प्रथम अपील करता येते, आणि विनाकारण विलंब करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. उत्पन्नाच्या किंवा जातीच्या दाखल्यासाठी आलेल्या माणसाला येथे आधी मुदत टळली आहे का हे विचारतात आणि टळली असल्यास तहसीलदारांना फोन लावण्याऐवजी अपिलाचा अर्ज भरून देतात. काहींना ही पद्धत आवडत नाही. ‘‘साहेबांनी एक फोन केला असता तर झालं असतं,’’ अशी तक्रार बाहेर चहाच्या टपरीवर ऐकू येते. फोनने एकाचे काम लवकर होते हे खरे आहे, परंतु त्यामुळे मागे रांगेत उभ्या असलेल्या, ओळखपाळख नसलेल्या माणसाचे काम आणखी मागे पडते, याचा विचार करता मला कार्यालयाची पद्धतच योग्य वाटते.

उणिवाही आहेत आणि त्या लहान नाहीत. सर्व व्यवहार एका स्वीय सहायकावर अवलंबून आहे. मुंबईत किंवा नागपूरला अधिवेशन सुरू झाले की आमदारांबरोबर तेही जातात, आणि मागे राहिलेले कार्यकर्ते केवळ नोंद घेतात, निर्णय कोणी घेत नाही. ऐन उन्हाळ्यात, अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या काळात, आमच्या शिवारातील रोहित्र (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाले. ग्रामीण भागात नादुरुस्त रोहित्र 48 तासांत बदलून देण्याचे बंधन वीज नियामक आयोगाच्या कृतिमानकांत, म्हणजे वीज कंपनीच्या सेवेसाठी घातलेल्या निकषांत, आहे. आम्हाला त्यापेक्षा कितीतरी अधिक थांबावे लागले. कार्यालयात नोंद झाली, क्रमांकही मिळाला, पण पाठपुरावा करणारे कोणी जागेवर नव्हते, आणि तोवर उसाला पाण्याचा ताण बसला. पाठपुराव्याची जबाबदारी दुसऱ्या एका जाणत्या माणसाकडे कायम सोपवल्याशिवाय ही अडचण सुटणार नाही.

तरीही अधिवेशनात आमदार काय करतात, हे तालुक्यातल्या कामाइतकेच महत्त्वाचे मानले पाहिजे, कारण आम्ही त्यांना तेथे पाठवले आहे. या बाबतीत एक चांगली गोष्ट दिसली. ग्रामीण रुग्णालयातील रिक्त पदांविषयीच्या तक्रारी नोंदवहीत वारंवार येऊ लागल्यावर त्या एकत्र करून त्यांवर तारांकित प्रश्न, म्हणजे सभागृहात मंत्र्यांनी उत्तर द्यायचा प्रश्न, दिला गेला. त्याचे उत्तर अपेक्षेप्रमाणे मोघम होते. मात्र किती पदे मंजूर आणि किती भरलेली, हे शासनाच्या तोंडून कागदावर आले, आणि त्याची प्रत कार्यालयाच्या भिंतीवर लावलेली मी पाहिली आहे. पुढील अधिवेशनात याच विषयावर लक्षवेधी सूचना, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी सूचना, यावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

स्थानिक विकास निधीच्या बाबतीत मात्र कार्यालय अजून मौन बाळगून आहे. आमदारांना या निधीतून वर्षाला 5 कोटी रुपयांपर्यंतची कामे सुचवता येतात. प्रशासकीय मान्यता जिल्हाधिकारी स्तरावर मिळते आणि काम सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा जिल्हा परिषदेसारख्या यंत्रणेमार्फत होते. कोणत्या गावाचा कोणता रस्ता, सभामंडप किंवा शाळेची खोली सुचवली, कोणते काम मान्यतेसाठी अडले आहे, याची यादी विचारली असता ‘नंतर या’ असे उत्तर मिळते. अर्जांची नोंद ज्या निष्ठेने ठेवली जाते, त्याच निष्ठेने ही यादी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली पाहिजे. ती लागत नाही तोवर मी या कार्यालयाला पूर्ण गुण देणार नाही.

ज्यांना तेथे जायचे आहे त्यांनी आठवडी बाजाराचा दिवस टाळावा, कारण त्या दिवशी गर्दीत कागद नीट पाहिले जात नाहीत. मूळ अर्जाची पोच, आधार व पासबुकाची झेरॉक्स सोबत न्यावी, आणि नोंद क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नये.