मुंबई-संभाजीनगर फ्लाइट: पायलटला पाच स्टार, एअरलाइनला तीन

चिकलठाण्याला उतरता उतरता चाक लॉक झाल्याचा एक हिरवा दिवा लागेना म्हणून पायलटने विमान परत वर घेतलं, पोटात गोळाच आला, शेजारच्या मावशी मांडीवरची पिशवी घट्ट धरून विठ्ठल विठ्ठल करत होत्या. बराच वेळ अनाउन्समेंट नाही, लई राग आला, पण त्यांचा नियमच तसाय, आधी विमान सांभाळायचं, मग दिशा, बोलणं शेवटी. २००९ ला न्यूयॉर्कला इंजिनं बंद पडलेलं विमान हडसन नदीत उतरवून १५५ जण वाचवले तेव्हाही पायलटने रनवेकडे वळायचा मोह टाळलाच होता ना. आमच्या कॅप्टनने घाई न करता चेकलिस्ट केली, इंधन बघितलं, मुंबईच्या लांब रनवेवर अलगद टेकवलं. खरंच हात जोडते त्यांना. ग्राउंड स्टाफने मात्र रात्री दीडपर्यंत पाणीसुद्धा विचारलं नाही, दोन स्टार त्याचे कापले.