रॅडबर्न की लेव्हिटटाउन? अभ्यासाला कोणती वसाहत घ्यावी

अमेरिकेतल्या नियोजित वसाहतींपैकी एकीचाच इतिहास खोलात जाऊन वाचायला वेळ असेल, तर निवड बहुधा या दोन नावांपाशी येऊन अडते. दोन्ही न्यूयॉर्क शहराच्या आसपासच्या, मधे वीस वर्षांचंही अंतर नाही. पण एकीचं काम अर्ध्यावर थांबलं आणि दुसरी थांबता थांबेना.

रॅडबर्न न्यू जर्सीतलं. क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांनी आखलेलं. 1929मध्ये पहिली कुटुंबं राहायला आली. मोटारी वाढल्या होत्या, रस्त्यावर पोरं सुरक्षित नव्हती. यांनी घराला दोन तोंडं दिली. स्वयंपाकघराची बाजू छोट्या बंद गल्लीकडे; गाडी, सामान, सगळं तिकडून. बैठकीची खोली पायवाटेकडे, आणि पायवाट वस्तीच्या मधल्या मोठ्या बागेत जाणारी. शाळेला निघालेलं मूल मोठा रस्ता ओलांडतच नाही, त्याच्या खालच्या बोगद्यातून जातं.

नकाशा देखणा आहे, म्हणूनच त्याच्या प्रेमात पडणारे जास्त. पुढे याच धर्तीवर इतरत्र वसाहती झाल्या, तिथे मुलं बऱ्याचदा बाग सोडून गाड्यांच्या गल्लीतच खेळताना दिसली! असो. रॅडबर्न 25,000 वस्तीचं गाव व्हायचं होतं. 1929च्याच ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळला, मंदी आली, बांधणारी सिटी हाउसिंग कॉर्पोरेशन बुडाली आणि नकाशाचा एक तुकडाच जमिनीवर उतरला. उरलेला इतिहास कल्पनेच्या प्रवासाचा आहे. अल्बर्ट मेयर यांनी केलेल्या चंदीगडच्या पहिल्या आराखड्यातही ही कल्पना दिसते.

लेव्हिटटाउनच्या नकाशात तसं शिकण्यासारखं थोडंच. लाँग आयलंडवरची बटाट्याची शेतं, वळणदार रस्ते, साठ बाय शंभर फुटांचे प्लॉट. खरी गोष्ट बांधकामाची. लेव्हिट कंपनीने घर बांधण्याची दोन डझनांहून जास्त कामं वेगळी पाडली आणि प्रत्येक टोळीला एकच काम दिलं. घर जागेवर, टोळी पुढच्या घराकडे. तळघर नाही, थेट काँक्रीटचा ओटा. 1947 ते 1951 या काळात 17,447 घरं उभी राहिली. पहिली घरं युद्धावरून परतलेल्या सैनिकांना महिना 60 डॉलर भाड्याने होती; 1949मध्ये नवं घर 7,990 डॉलरला विकायला निघालं. सरकारने कर्जाला हमी दिली नसती तर हे गणित जमलं नसतं.

त्या भाडेकरारातलं एक कलम मात्र डोळ्यांआड करून चालत नाही: गोऱ्यांखेरीज कुणी तिथे राहायचं नाही, अपवाद फक्त घरकामाच्या नोकरांचा. 1948मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा अटी न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत असं ठरवलं. कलम करारातून गेलं, पण कृष्णवर्णीयांना घर न देण्याची पद्धत चालूच राहिली. सरकारी हमीचा फायदा कुणाला मिळाला, हा प्रश्न इथे एका छापील कागदावर समोर येतो.

तेव्हा ले-आउट पाडायला शिकायचं असेल तर रॅडबर्न घ्या. आठवडाभरात त्याचा गाभा हाती येतो. वसाहत *घडते* कशी हे बघायचं असेल, तर मी बिनदिक्कत लेव्हिटटाउन सुचवेन, कारण बिल्डर निघून गेल्यावरच तिथली खरी हालचाल सुरू होते. पहिल्या घरांचे पोटमाळे अर्धवट सोडलेले होते. लोकांनी ते स्वतः पूर्ण केले, छपरात खिडक्या काढल्या, बाजूला खोल्या चढवल्या. मूळ रूपातलं घर आज तिथे शोधावं लागतं.

सुरुवात एकाच घरापासून करा. बांधलं तेव्हाचा त्याचा फोटो आणि आजचा शेजारी ठेवा, आणि भिंत कुठे सरकली ते मोजा.