एका खिळ्याची पाच पंक्चरं

दिवस मावळायला आला होता. बाबा शेजारच्या सीटवर डोळे मिटून बसले होते आणि मी हायवेवरून एका लयीत गाडी चालवत होते. मागून एक मोटरसायकलवाला बरोबरीला आला. दोनदा हॉर्न वाजवून त्याने माझ्या मागच्या चाकाकडे हात केला. "ताई, टायर बसलाय! गाडी बाजूला घ्या!" मी घाबरले. कोणी इतक्या कळकळीने सांगतंय म्हटल्यावर लगेच कडेला थांबले.

चुकलं ते इथेच. टायर खरंच बसला की चालवणाऱ्याला ते कळतं. पुढचा असेल तर स्टिअरिंग एका बाजूला ओढतं, मागचा असेल तर गाडीची मागची बाजू डोलायला लागते आणि खालून धपधप आवाज येतो. मला यातलं काहीच जाणवत नव्हतं. वेग कमी करून, चारही इंडिकेटर लावून, जिथे उजेड आणि माणसं आहेत अशा एखाद्या पेट्रोल पंपापर्यंत मी आरामात गेले असते. मी थांबले ती मात्र त्याने निवडलेल्या जागी, हलक्याशा उतारावर.

तोही पुढे जाऊन थांबला. त्याच्याजवळच्या पिशवीत हवेचा छोटा पंप, टोचा, रबरी पट्ट्या आणि साबणाच्या पाण्याची बाटली होती. त्या वेळी वाटलं, केवढं नशीब! रस्त्याने सहज जाणाऱ्या माणसाजवळ हे सगळं कशाला असेल, हा प्रश्न मला पडलाच नाही.

टायरमध्ये हवा थोडी कमी होती आणि चाकात एक खिळा होता. तो खिळा खराच होता, हे मी आजही मानते. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा घुसला की बऱ्याचदा तोच भोकाला बुचासारखा बसतो आणि हवा अगदी सावकाश जाते. त्याने मला खिळा दाखवला, मी एका पंक्चरचा भाव विचारला, तो मला पटला आणि मी हो म्हटलं. पंक्चरं किती आहेत, हे आधी दोघांनी मिळून मोजायला हवं होतं. ते राहिलं.

मग तो म्हणाला, "ताई, डिकीतला ट्रँगल काढा आणि मागे लांब नेऊन ठेवा. गाड्या जोरात येतात इथे." सल्ला अगदी बरोबर होता, म्हणून तर मला शंका आली नाही. मी ट्रँगल, म्हणजे मागून येणाऱ्यांना इशारा देणारा त्रिकोण, शोधला, पन्नासेक पावलं मागे चालत गेले, उभा केला, परत आले. तेवढ्यात तीन ठिकाणी फेस येत होता. त्याच्या डाव्या हातात पाण्याची बाटली आणि उजव्या हातात फडकं. फडक्याने टायर पुसत पुसत हात पुढे सरके, आणि जिथून सरके तिथे साबणाचे बुडबुडे उठत. "बघा ताई, इथे पण. आणि इथे." फडक्याच्या आत काय होतं, ते मला नंतर कळलं.

चार भोकांत पट्ट्या बसल्या. पाचवं भोक त्याने टायरच्या कडेला दाखवलं आणि मान हलवली. "कडेला पट्टी टिकत नाही. हा टायर गेला. स्टेपनी लावून देतो." यातही खोटं काही नव्हतं. टायरच्या बाजूच्या भिंतीला पडलेलं भोक खरंच दुरुस्त करत नाहीत, कारण चाक फिरताना तो भाग सारखा वाकत असतो. खरी माहिती सांगत सांगत फसवणारा माणूस ओळखणं फार अवघड जातं. ज्या टायरचं काही होणार नाही म्हणाला, त्यातल्या चार पट्ट्यांचे पैसेही त्याने लावले, वर स्टेपनी बदलल्याचे वेगळे. एकूण रक्कम ऐकून बाबा जागे झाले. पण अंधार पडत होता, रस्त्यावर आम्ही दोघंच होतो. मी पैसे दिले.

पैशांचं दुःख मी गिळलं असतं. हे लिहिते आहे ते पुढे जे घडलं त्यामुळे.

पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवल्यावर मागून टकटक आवाज येऊ लागला. वेग वाढवला की आवाज वाढायचा. या वेळी मी पेट्रोल पंप दिसेपर्यंत हळू चालवलं आणि तिथे उतरले. चाकाच्या एका नटला हात लावला, तर तो बोटांनी फिरला. पानाही लागला नाही. दुसरा तसाच. पाचपैकी तीन नट हाताने सुटत होते. बाबा माझ्या शेजारी उभे होते, काही बोलले नाहीत, फक्त त्यांनी माझा खांदा घट्ट धरला.

नट का सैल राहिले, ते आता मला माहीत आहे. त्याने गाडी जॅकवर असतानाच नट आवळले आणि जॅक काढून लगेच सामान आवरलं. चाक हवेत असताना पाना लावला की चाकच फिरतं, नट पुरता बसत नाही. चाक जमिनीला टेकवल्यावर पुन्हा एकदा ताकद लावून आवळायचं असतं, आणि तेच त्याने केलं नाही. उतारावर गाडी जॅकवर उचलली तेव्हा त्याने एकाही चाकाला दगड लावला नव्हता. बाबा आत बसलेलेच होते. हे आठवलं की अजूनही माझ्या पोटात गोळा येतो.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या टायरवाल्या काकांकडे तो टायर नेला. त्यांनी तो रिमवरून उतरवला, आतून दिव्याखाली धरला आणि मला जवळ बोलावलं. खिळ्याचं भोक वेडंवाकडं होतं, कडेला गंज लागलेला. बाकीची चारही भोकं गोल, स्वच्छ, एकाच जाडीची, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. "रस्ता इतका मापात टोचत नाही," काका म्हणाले. त्यांनी आपला टोचा घेऊन एका भोकात घातला. अगदी बरोबर बसला. कडेचं भोकही त्यातलंच. फडक्याच्या आत टोचा होता तर! एक खिळा काढून आतून पॅच लावला असता तर तो टायर अजून कितीतरी चालला असता.

त्याच दिवशी मी काकांना म्हटलं, मला चाक बदलायला शिकवा. पाऊण तास लागला. ते इथे सांगते, कारण ज्याला हे येतं त्याला रस्त्यावर कोणाची मदत घ्यायची आणि कोणाची नाही, हे ठरवता येतं.

जागा सपाट आणि टणक हवी. मऊ मातीत जॅक रुततो. फळीचा जाड तुकडा डिकीत असला तर तो खाली घ्यावा. हँडब्रेक ओढायचा, गाडी पहिल्या गिअरमध्ये, ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये ठेवायची, आणि जे चाक बदलायचं त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला पुढून-मागून दगड लावायचे. सगळ्यांना गाडीतून उतरवून रस्त्यापासून लांब उभं करायचं. जॅक लावण्याआधी, चाक जमिनीवर असतानाच, सगळे नट अर्धा-अर्धा फेरा सैल करायचे. हाताला जोर कमी असेल तर पाना आडवा लावून वरून खाली दाबायचा, अंगाचं वजन कामी येतं. नटला तेल मात्र लावायचं नाही, नंतर तो गरजेपेक्षा जास्त आवळला जातो.

जॅकची जागा ठरलेली असते. दाराखालच्या पट्टीच्या कडेवर, पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे, खाचा असतात. माझ्या गाडीला त्या माणसाने खाचेपासून वीतभर बाजूला जॅक लावला होता, तिथला पत्रा आजही आत दबलेला आहे. गाडी जॅकवर असताना अंगाचा कोणताही भाग खाली जाऊ द्यायचा नाही. काका काढलेलं चाक गाडीच्या पट्टीखाली आडवं सरकवून ठेवतात. जॅक घसरलाच, तर गाडी चाकावर टेकते.

नवं चाक चढवलं की नट आधी हाताने बसवायचे, नटची निमुळती बाजू रिमकडे ठेवून. मग एक आवळला की शेजारचा सोडून समोरचा घ्यायचा. तसं केलं तरच चाक सरळ बसतं. गाडी खाली टेकली की त्याच क्रमाने पुन्हा, पूर्ण जोर लावून. आणि 50 ते 100 किलोमीटरनंतर एकदा थांबून परत.

स्टेपनीबद्दल काकांनी मला चांगलंच झापलं. हवा निम्मीही नव्हती. टायरच्या भिंतीवर तारखेचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. माझी स्टेपनी गाडीइतकीच जुनी निघाली, एकदाही हवा न तपासलेली. काही गाड्यांना बारीक, तात्पुरती स्टेपनी मिळते. तिच्यावर वेगाची मर्यादा लिहिलेली असते, बहुतेक वेळा ताशी 80 किलोमीटर, आणि तिला नेहमीच्या टायरपेक्षा बरीच जास्त हवा लागते, साधारण 60 पीएसआय.

कोणाकडून पंक्चर काढून घ्यायचीच वेळ आली, तर मी आता चाकापासून हलत नाही. ट्रँगल आधी लावून येते. साबणाचं पाणी फडक्याशिवाय, उघड्या हाताने मारायला सांगते. भोक सापडलं की खडूने खूण करते, सगळी मोजून झाल्यावर फोटो काढते आणि मगच पट्टीचं बोलते. वॉल्व्हच्या तोंडावरही पाण्याचा थेंब टाकून बघते, कारण पुष्कळदा हवा तिथूनच जात असते आणि पंक्चर नसतंच. शक्य असेल तर टायर रिमवरून उतरवून आतून पॅच लावायला सांगते. बाहेरून ठोकलेली पट्टी घरी पोहोचण्यापुरती ठीक.

काही महिन्यांनी पुन्हा वेळ आली. स्टिअरिंग डावीकडे ओढू लागलं, धपधप ऐकू आलं. सपाट, उजेडाची जागा बघून थांबले. बाबांना उतरवून कठड्यापलीकडे उभं केलं. दगड लावत असताना एक मोटरसायकल शेजारी थांबली. "ताई, पंक्चर का? मी बघू?" तो माणूस चांगलाही असेल. मी म्हटलं, "नको दादा, चाकच बदलतेय." तो निघून गेला. बाबांनी मोबाइलचा उजेड धरला, मी नट सैल केले, जॅक खाचेत लावला. अर्ध्या तासात चाक चढलं. पुढे 50 किलोमीटरवर थांबून पुन्हा पाना लावला तेव्हा चार नट जागचे हलले नाहीत, पाचवा पाव फेरा फिरला.