एफएल स्टुडिओवरचे नऊ महिने: बाखच्या प्रेल्यूडपासून नृत्याच्या ठेक्यापर्यंत

गेल्या नवरात्रात मी एफएल स्टुडिओ या संगीत बनवण्याच्या सॉफ्टवेअरची प्रोड्यूसर आवृत्ती आणि 61 पट्ट्यांचा एक मिडी कीबोर्ड (दाबलेले स्वर संगणकाला कळवणारा) घेतला, त्याला आता नऊ महिने झाले. मी सोलापुरात पियानो आणि हार्मोनियम शिकवते. माझ्या भाचीच्या नृत्यगटाला महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनासाठी तयार गाण्याऐवजी काही वेगळे हवे होते, आणि "मावशी, तू शिकवतेस त्यातलेच काहीतरी नाचता येईल असे करून दे," या तिच्या हट्टातून हे काम सुरू झाले. तेव्हापासून पियानोच्या चार अभिजात रचना इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतात आणण्याचा प्रयत्न मी केला आहे. त्यांतल्या दोन साधल्या, एक सोडून द्यावी लागली आणि एकीवर अजून काम सुरू आहे.

या प्रकाराला मोठी परंपरा आहे. इसाओ तोमिता यांनी 1974 साली देब्युसीच्या पियानोरचना मूग सिंथेसायझरवर आणल्या, आणि आपल्या मुंबईत चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये दहा राग सिंथेसायझर व ड्रम मशीनवर डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. त्यामुळे अभिजात रचनेला ठेका लावला की ती बाटते, हे मला मान्य नाही. तिची बांधणी मोडली तर मात्र ती नक्की बिघडते, आणि या सॉफ्टवेअरचा खरा उपयोग मला ती बांधणी डोळ्यांना दिसण्यासाठी झाला.

सुरुवात मी बाखच्या सी मेजर प्रेल्यूडने, म्हणजे एका छोट्या पियानोरचनेने केली. 1722 च्या 'वेल टेम्पर्ड क्लेव्हियर'च्या पहिल्या भागातली ही पहिलीच रचना असल्यामुळे पियानो शिकलेल्या बहुतेकांच्या बोटांत ती असते. शेवटचे काही बार, म्हणजे ठोक्यांची आवर्तने, वगळली तर प्रत्येक बारमध्ये आठ स्वरांची एकच आकृती दोनदा येते, म्हणजे एका बारमध्ये सोळा समान स्वर. नृत्यसंगीतात सिंथेसायझरचा अर्पेजिएटर, म्हणजे कॉर्डचे स्वर एकामागोमाग आपोआप वाजवणारी सोय, जे करतो, तेच इथे तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. अडचण एवढीच की मूळ रचना 35 बारांची आहे आणि नृत्यसंगीत आठ-आठ बारांच्या गटांत चालते.

पहिल्यांदा मी इंटरनेटवरून उतरवलेली मिडी फाईल पियानो रोलमध्ये, म्हणजे स्वर जाळीवर मांडून दाखवणाऱ्या खिडकीत, ओढली आणि ती 36 बारांची निघाली. घरातल्या छापील प्रतीशी ताडून पाहिल्यावर कळले की बाविसाव्या आणि तेविसाव्या बारांच्या मध्ये एक जादा बार आहे. हा श्वेन्के या जर्मन संगीतकाराने नंतर घातलेला बार, जो फ्रेंच संगीतकार गूनोने याच प्रेल्यूडवर आपली प्रसिद्ध धून रचतानाही ठेवला होता. गंमत अशी की तो जादा बार नृत्याच्या दृष्टीने सोयीचा ठरतो. बाखच्या मूळ रचनेत चोविसाव्या बारपासून एकतिसाव्यापर्यंत, बरोबर आठ बार, खर्जात जी हा एकच स्वर धरून ठेवलेला आहे. वर कॉर्ड बदलत राहतात, ताण वाढत जातो आणि बत्तिसाव्या बारला खर्ज सी वर येतो. आपल्याकडे तिहाई सुरू झाली की कान जसा समेकडे लागतो, तीच ही अवस्था. नृत्यसंगीतातला बिल्ड-अप (ताण चढवत नेणे) आणि ड्रॉप (ठेका पूर्ण जोरात कोसळतो ती जागा) म्हणजे दुसरे काय? मिनिटाला 128 ठोक्यांच्या लयीत एक बार 1.875 सेकंदांचा होतो, म्हणजे हे आठ बार नेमके 15 सेकंद चालतात. श्वेन्केच्या बारमुळे हा भाग पंचविसाव्या बारवर सरकतो आणि आठांच्या चौकटीत अचूक बसतो. तरीही जो बार बाखचा नाही तो ठेवणे मला पटेना. शेवटी मी तो काढला आणि रचनेच्या आधी नुसत्या किकचा, म्हणजे मोठ्या ड्रमच्या ठोक्याचा, एक बार ठेवला. चौकट तीच मिळाली आणि बाखचे 35 बार शाबूत राहिले.

ड्रॉपच्या जागी मी एक चूकही केली होती. बत्तिसाव्या बारमध्ये सी च्या कॉर्डमध्ये बी फ्लॅट आहे. सम स्वच्छ यावी म्हणून मी तो स्वर पुसला आणि ठसठशीत सी मेजर ठेवला. मुलींना तो आवडला, मला मात्र दोन दिवस काहीतरी हरवल्यासारखे वाटत राहिले. त्या बी फ्लॅटमुळेच संगीत समेवर येऊनही थांबत नाही, पुढच्या एफ कडे ओढले जाते. तो स्वर परत घातल्यावर ड्रॉपनंतरचे चार बार जिवंत झाले.

बेथोव्हेनच्या 'मूनलाइट' सोनाटाचा पहिला भाग याच्या अगदी उलट निघाला. 1801 च्या या रचनेत उजव्या हाताचे स्वर तिनाच्या गटांत चालतात आणि नृत्यसंगीताची हाय-हॅट, म्हणजे ड्रमसंचातली झांज, चारांच्या गटांत. केहरव्याच्या ठेक्यावर दादऱ्यातली चीज बसवायला घ्यावी, तशी ही ओढाताण आहे. मी तीन स्वरांचा गट सोळांच्या जाळीत सरळ बसवला, म्हणजे 3, 3, 3, 3 आणि उरलेले 4 अशी विभागणी केली. त्यात झोक आला, पण मूळची शांतता पार गेली. मग हाय-हॅटच तिनांत घेतली, लय 100 पर्यंत उतरवली, आणि ती आवृत्ती मला स्वतःला अधिक आवडते. सातीची 1888 ची पहिली 'जिम्नोपेदी' मात्र मी सोडून दिली. तिचे तीन ठोके चार करायचे तर प्रत्येक बार ताणावा लागतो, आणि तिचा सगळा जीव त्या तिसऱ्या ठोक्यानंतरच्या श्वासात आहे.

सॉफ्टवेअरबद्दल सांगायचे तर पियानो रोल हे त्याचे सर्वांत मोठे बळ आहे. एका वाद्याचे स्वर लिहिताना दुसऱ्याचे स्वर मागे फिकट दिसतात, त्यामुळे डाव्या हाताचा खर्ज सिंथवर देताना उजव्या हाताशी तो कुठे भिडतो हे लगेच कळते. एकदा विकत घेतल्यावर पुढच्या आवृत्त्या मोफत मिळतात, हे माझ्यासारख्या एकटीने काम करणाऱ्या व्यक्तीला फार मोलाचे आहे. चाचणी आवृत्तीत काम जतन होते, पण विकत घेईपर्यंत ते पुन्हा उघडत नाही, हे आधी लक्षात घ्यावे.

मिडी फाईल आणताना पेडलची माहिती, म्हणजे 64 क्रमांकाचा कंट्रोलर, आधी तपासावी. पियानोवर गोड वाटणारा तो लांबलेला नाद सिंथवर चिखल करतो. मी पेडल काढून प्रत्येक स्वराची लांबी हाताने ठरवली. वेळ लागला, पण दुसरा चांगला मार्ग मला सापडला नाही. स्वर आपोआप ओळखून देणाऱ्या एका सेवेलाही मी माझेच ध्वनिमुद्रण देऊन पाहिले, पण खर्जातले स्वर इतके चुकले की सगळे पुन्हा लिहावे लागले.

खर्जाचा धडा मला सभागृहात मिळाला. आमचे घर अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला, यंत्रमागांच्या शेजारी आहे. दिवसभर चालणाऱ्या मागांच्या घरघरीत खालचे आवाज झाकले जातात, म्हणून नकळत मी बेस वाढवत गेले. बेसला दिलेला जी 49 हर्ट्झचा आणि किकचा जोरही त्याच्याच आसपास होता. तालमीच्या वेळी मोठ्या स्पीकरवर दोन्ही एकत्र घुमले आणि मुलींना ठोकाच ऐकू येईना. घरी येऊन फ्रूटी लिमिटरवर साइडचेन लावले, म्हणजे किक वाजली की बेस क्षणभर दबेल अशी जोडणी केली. तेव्हापासून खर्जाचा निर्णय मी रात्री माग थांबल्यावर किंवा हेडफोनवरच घेते.

कीबोर्डविषयी मी समाधानी नाही. दाब ओळखण्यात दोन पट्ट्या सहाव्या महिन्यातच बिघडल्या, हळू दाबले तरी पूर्ण 127 जोर नोंदवतात, आणि दुरुस्ती केंद्राने एक महिना ठेवून तो तसाच परत दिला. शिवाय 61 पट्ट्यांत 'मूनलाइट'च्या दुसऱ्याच बारमधला डाव्या हाताचा खालचा बी मावत नाही, त्यासाठी सप्तक सरकवावे लागते. परवडत असेल तर पियानोवाल्यांनी 88 पट्ट्यांचाच घ्यावा. माझ्या 8 जीबीच्या लॅपटॉपवर बफर (आवाज वाजवण्याआधी संगणक साठवतो तो छोटा तुकडा) 256 ठेवला की मे महिन्याच्या उकाड्यात आवाज तुटत असे. 512 वर तो थांबला, आणि जवळपास 12 मिलिसेकंदांच्या त्या विलंबाची बोटांना सवय झाली.

हक्कांविषयी विद्यार्थी नेहमी विचारतात. बाख, बेथोव्हेन, शोपँ यांच्या रचना सर्वांच्या आहेत, पण एखाद्या वादकाचे अलीकडचे ध्वनिमुद्रण तसे नसते. म्हणून मी दुसऱ्याच्या वादनाचा तुकडा घेत नाही, प्रत्येक स्वर स्वतः वाजवते किंवा लिहिते.

सध्या शोपँचे ई मायनर प्रेल्यूड हाती आहे, 1839 साली छापलेले, अवघ्या 25 बारांचे. डाव्या हाताचे कॉर्ड अर्ध्या-अर्ध्या स्वराने खाली उतरत जातात आणि पॅडवर, म्हणजे सिंथच्या लांबत जाणाऱ्या मऊ आवाजावर, ते फार सुंदर लागतात. शेवटी एक मोठा विराम येतो आणि मग अगदी हळू तीन कॉर्ड. भाची म्हणते की तिथेही ठेका हवा. त्या तीन कॉर्डांना मी किक लावलेली नाही, आणि लावणारही नाही.